इंजिनाचा जमाखर्च



आपल्यापैकी किती घरांची चूल इंजिनावर पेटते, याचा कधी विचार केला आहे काय? कुणी रिक्षा चालवतो, कुणी एस.टी.च्या आगारात मेकॅनिक आहे, कुणी ट्रकवर क्लीनर आहे, कुणी गॅरेजात आहे, तर कुणी भाड्याने जनरेटर देणाऱ्याकडे कामाला आहे. गावाकडे गेलो तर विहिरीवर डिझेलचे इंजिन असतेच. इंजिन खोलणारे, पुसणारे, त्याच्या काजळीने हात काळे करणारे आपलेच लोक आहेत. पण त्या इंजिनाच्या पोटात नेमके काय घडते, हे सांगणारे पुस्तक मात्र 'हे आपल्या डोक्याबाहेरचे' म्हणून बाजूला पडते. हे बरोबर नाही.

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत डिप्लोमाला असलेला एक मुलगा येतो. वडील रिक्षा चालवतात. त्याने विचारले, "काका, बाबा म्हणतात डिझेलचं इंजिन जास्त ॲव्हरेज देतं. पुस्तकात तर लिहिलंय की सारख्या कॉम्प्रेशन रेशोला पेट्रोल इंजिनाचं चक्र डिझेलपेक्षा वरचढ. मग पुस्तक खोटं की बाबा?" उष्मागतिकीच्या पेपरात त्याचे घोडे इथेच अडले होते.

प्रश्न चांगला आहे आणि उत्तर असे की पुस्तकही खरे आणि बाबाही खरे. कसे, ते आज पाहू. मी वाणिज्य शाखेचा, आयुष्य जमाखर्चाच्या वह्यांत गेले. तेव्हा सांगणार तेही जमाखर्चाच्या भाषेतच.

उष्णतेची वही

इंजिन म्हणजे उष्णता घेऊन तिच्यातल्या काही भागाचे काम करून देणारे यंत्र. जमेच्या बाजूला एकच रक्कम, इंधन जळून आलेली उष्णता. खर्चाच्या बाजूला दोन रकमा. एक, चाक फिरवण्याचे काम. दुसरी, सायलेन्सर आणि रेडिएटरवाटे बाहेर गेलेली उष्णता. दोन्ही बाजूंचा मेळ बसलाच पाहिजे, एक पैसा इकडेतिकडे होत नाही. जमेच्या शंभरातले किती कामाला लागले, तो आकडा म्हणजे कार्यक्षमता.

मग शंभरातले शंभर का मिळत नाहीत? कारागीर कमी पडतो म्हणून नव्हे. १८२४ साली सादी कार्नो या २८ वर्षांच्या फ्रेंच इंजिनिअरने एक छोटे पुस्तक लिहिले. पाणी वरून खाली पडते तेव्हाच पाणचक्की फिरते, तशी उष्णता गरमाकडून थंडाकडे उतरते तेव्हाच काम मिळते, हे त्याने मांडले. पुढच्या शास्त्रज्ञांनी त्यातून पक्का नियम काढला: काही उष्णता थंड बाजूला सोडावीच लागते, ती टळत नाही. वरचे तापमान जितके जास्त आणि खालचे जितके कमी, तितका फायदा अधिक. कार्नो १८३२ साली पटकीच्या साथीत गेला. त्याच्या हयातीत त्या पुस्तकाकडे कुणी फारसे पाहिलेही नाही. आज जगातले प्रत्येक इंजिन त्याच नियमाने मोजले जाते.

आदर्श चक्र म्हणजे काय?

खरे इंजिन फार गुंतागुंतीचे. घर्षण होते, सिलिंडरच्या भिंतीतून उष्णता जाते, इंधन जळायला वेळ लागतो. हे सगळे एकदम मोजू गेलो तर काहीच कळणार नाही. म्हणून शास्त्रज्ञ एक अंदाजपत्रक करतात. समजा सिलिंडरात फक्त हवा आहे, घर्षण नाही, भिंतीतून गळती नाही, आणि इंधन जाळण्याऐवजी बाहेरून उष्णता दिली. अशा कल्पनेतल्या इंजिनात हवा ज्या क्रमाने दाबली जाते, तापते, फुगते आणि निवते, तो क्रम म्हणजे आदर्श चक्र.

अंदाजपत्रकाप्रमाणे तंतोतंत खर्च कुणाचाच होत नाही. तरी अंदाजपत्रक लागतेच. कमाल किती मिळू शकते आणि कोणती गोष्ट बदलली तर किती फरक पडेल, हे त्यावरून कळते.

ओटोचे चक्र

पेट्रोल इंजिनाच्या चक्राला निकोलस ओटो या जर्मन माणसाचे नाव आहे. ऑटोरिक्षातला 'ऑटो' वेगळा, त्याचा या ओटोशी संबंध नाही. हा ओटो काही इंजिनिअरिंगची पदवी घेतलेला नव्हता. दुकानात नोकरी केलेला, पुढे किराणा मालाचा फिरता विक्रेता. त्याच्या आधी १८६० साली लन्वार याचे गॅसवर चालणारे इंजिन आले होते, पण त्यात गॅस आणि हवेचे मिश्रण पेटवण्यापूर्वी दाबले जात नसे. त्यामुळे ते गॅस भरमसाट खाई. ओटोने १८७६ साली जर्मनीत डॉइट्सच्या कारखान्यात चार स्ट्रोकचे इंजिन चालवून दाखवले. चार स्ट्रोकची कल्पना १८६२ सालीच बो द रोशा या फ्रेंच माणसाने कागदावर मांडली होती. त्या कारणाने १८८६ साली ओटोचे जर्मन पेटंट रद्दही झाले. पण चालते इंजिन जगाला ओटोने दिले.

चार स्ट्रोक आपल्या मेकॅनिक बांधवांना पाठ आहेत. पिस्टन खाली येतो, मिश्रण आत ओढले जाते. वर जातो, मिश्रण दाबले जाते. प्लगची ठिणगी पडते, पिस्टन जोराने खाली ढकलला जातो. पुन्हा वर येतो, धूर बाहेर.

आदर्श चक्रात यातल्या चार गोष्टी मोजतात. पहिली, हवा दाबली जाते. दुसरी, पिस्टन वर टोकाला असतानाच सगळी उष्णता एका क्षणात मिळते. जागा तेवढीच राहते, दाब एकदम चढतो. तिसरी, हवा फुगून पिस्टनला ढकलते. चौथी, पिस्टन तळाला असताना उरलेली उष्णता बाहेर जाते. ओटो चक्राची खूण दुसऱ्या पायरीत आहे: उष्णता स्थिर आकारमानाला मिळते.

आता महत्त्वाचा शब्द, कॉम्प्रेशन रेशो. पिस्टन तळाला असताना सिलिंडरात जागा किती आणि वर असताना उरते किती, यांचे प्रमाण. रेशो १० म्हणजे दहा भाग हवा एका भागात कोंबली. ओटोच्या आदर्श चक्रात सगळी कार्यक्षमता या एका आकड्यावर ठरते. हिशेब असा येतो:

रेशो ४ असेल तर ४२.६ टक्के.
रेशो ८ असेल तर ५६.५ टक्के.
रेशो १० असेल तर ६०.२ टक्के.
रेशो १२ असेल तर ६३ टक्के.

जास्त दाबा, जास्त मिळवा. पण नीट पाहा, ४ वरून ८ वर गेल्यावर चौदा टक्क्यांची भर पडते, १० वरून १२ वर गेल्यावर तीनही नाही. मेहनत वाढत जाते, बरकत कमी होत जाते.

मग पेट्रोल इंजिनात रेशो २० का करत नाहीत? सायकलला हवा भरताना पंप गरम होतो, हे तुम्ही अनुभवले असेल. दाबली की हवा तापते. २७ अंशांची हवा दहापट दाबली तर कागदावरच्या हिशेबाने ती ४८० अंशांच्या आसपास जाते. पेट्रोल इंजिनात हवेबरोबर पेट्रोलही दाबले जाते. फार दाबले तर ठिणगीची वाट न पाहता ते आपोआप भडकते आणि आतून ठोके ऐकू येतात. मेकॅनिक म्हणतो, इंजिन नॉक मारते. पिस्टनला भोक पडेपर्यंत मजल जाते. म्हणून पेट्रोल इंजिनाचा रेशो साधारण ९ ते १२ असतो.

हा नॉक थांबवण्यासाठी १९२१ साली अमेरिकेत पेट्रोलमध्ये शिशाचे एक रसायन मिसळण्याची युक्ती निघाली. इंजिनाला लाभ झाला, माणसाला विष मिळाले. १९२४ साली न्यू जर्सीत ते रसायन बनवणाऱ्या कारखान्यात पाच कामगार शिशाच्या विषबाधेने मरण पावले. तरी शिसे जगभर पेट्रोलमध्ये जात राहिले आणि रस्त्याकडेला राहणाऱ्यांच्या मुलांच्या रक्तात उतरत राहिले. भारतात ते १ फेब्रुवारी २००० पासून बंद झाले. जगात शेवटी अल्जीरियात २०२१ साली. वाढलेल्या कार्यक्षमतेची किंमत कुणी चुकवली, हे ध्यानात ठेवा.

डिझेलचे चक्र

रुडॉल्फ डिझेलचा जन्म १८५८ साली पॅरिसमध्ये, जर्मन कारागीर कुटुंबात झाला. म्युनिकला शिकताना कार्नोचा सिद्धांत ऐकून त्याच्या मनाने घेतले की त्याच्या जवळ जाणारे इंजिन बनवायचे. १८९३ साली त्याने पुस्तक लिहिले आणि आउग्सबुर्गच्या कारखान्यात कामाला लागला. कार्नोचे चक्र तंतोतंत साधत नाही, हे लवकरच कळले. त्याने आराखडा बदलला. १८९७ साली त्याच्या इंजिनाने चाचणीत सुमारे २६ टक्के कार्यक्षमता दाखवली. त्या काळच्या साध्या वाफेच्या इंजिनांना दहा टक्के गाठणेही जड जात होते.

त्याची युक्ती साधी होती. पेट्रोल इंजिनात मिश्रण दाबले जाते, म्हणून भडकण्याची भीती. डिझेलने फक्त हवा दाबली. १८ पट दाबली तर हिशेबाने हवा ६८० अंशांच्या घरात जाते. मग तिच्यात नोझलमधून इंधनाचा फवारा सोडला की ठिणगीशिवाय ते पेटते. प्लग नको, नॉकमुळे आलेली मर्यादाही नको. म्हणून डिझेलचा रेशो साधारण १५ ते २२ असतो.

पण फवारा एका क्षणात संपत नाही. तो चालू असताना पिस्टन खाली सरकत असतो. त्यामुळे आदर्श चक्रात दुसरी पायरी बदलते: उष्णता स्थिर दाबाला मिळते. बाकी तिन्ही पायऱ्या ओटोसारख्याच.

आता मुलाच्या प्रश्नाचे उत्तर

ओटो चक्रात सगळी उष्णता पिस्टन वर असतानाच मिळते. म्हणून तिच्या प्रत्येक कणाला फुगायला पूर्ण अंतर मिळते. डिझेल चक्रात शेवटी आलेल्या उष्णतेच्या वाट्याला अंतर कमी येते, कारण पिस्टन अर्धवट खाली गेलेला असतो. म्हणून रेशो सारखा धरला तर ओटो वरचढ. रेशो १८ धरा. ओटोला ६८.५ टक्के मिळतात. फवारा थांबेपर्यंत जागा दुप्पट होते असे धरले तर डिझेलला ६३.२ टक्के. पुस्तक खरे बोलते.

पण १८ रेशोचे साधे पेट्रोल इंजिन रस्त्यावर आहे कुठे? ते नॉक मारून फुटेल. पेट्रोल आपल्या १० रेशोवर ६०.२ मिळवते, डिझेल आपल्या १८ रेशोवर ६३.२ मिळवते. बाबाही खरे बोलतात.

यासाठी पुस्तकात दुसरी तुलनाही दिलेली असते. रेशो सारखा न धरता सिलिंडरातला सर्वांत जास्त दाब आणि तापमान सारखे धरायचे, म्हणजे इंजिनाच्या धातूला जेवढे सोसते तेवढे दोघांनाही द्यायचे. मग डिझेल वरचढ ठरते. या दोन्हींच्या मधले एक चक्र आहे. त्यात थोडी उष्णता स्थिर आकारमानाला आणि उरलेली स्थिर दाबाला मिळते. त्याला दुहेरी चक्र म्हणतात. आजचे ट्रक-बसचे वेगवान डिझेल इंजिन खरे तर याच्याच जवळ जाते. ते दोन्ही तुलनांत मधल्या नंबरावर येते.

तेव्हा विद्यार्थ्यांनी एकच प्रश्न पाठ करावा: तुलना करताना समान काय धरले आहे? ते बदलले की पहिला नंबर बदलतो. हा प्रश्न इंजिनाबाहेरही उपयोगी पडतो. कुणी दोन मुलांची, दोन वस्त्यांची तुलना करू लागला तरी आधी हेच विचारावे.

काही गैरसमज

पहिला: टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोक ही वेगळी चक्रे आहेत. तसे नाही. ते काम उरकण्याचे दोन प्रकार आहेत. जुन्या बजाज स्कूटरचे टू-स्ट्रोक इंजिनही ओटो चक्रावरच चालत असे. पण धूर बाहेर ढकलताना थोडे ताजे पेट्रोलही न जळता निघून जाई, शिवाय पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागे. म्हणून धूर जास्त, ॲव्हरेज कमी. १९८५ साली हिरो होंडाची फोर-स्ट्रोक मोटारसायकल आली तेव्हा लोक तिच्या ॲव्हरेजवर खूश झाले, त्याचे हे एक मोठे कारण. उलट, मोठ्या जहाजांची डिझेल इंजिने टू-स्ट्रोकच असतात आणि ५० टक्क्यांवर जातात. कारण त्यांच्यात धूर ढकलण्याचे काम निव्वळ हवा करते, इंधन नंतर फवारले जाते.

दुसरा: सीएनजीची रिक्षा म्हणजे निराळे चक्र. नाही. इंधन बदलले, ठिणगी तीच, चक्र ओटोचेच.

तिसरा गैरसमज खिशाशी संबंधित. पेट्रोल आणि डिझेल लिटरवर विकतात, सीएनजी किलोवर. एक लिटर डिझेल एक लिटर पेट्रोलपेक्षा वजनाला जास्त भरते आणि त्यात उष्णताही जास्त असते. म्हणजे 'डिझेल लिटरला इतके किलोमीटर जाते' या बढाईत इंजिनाची हुशारी किती आणि लिटरमधला जास्तीचा माल किती, हे वेगळे करावे लागते. गाडी कर्जाने घेताना लिटर-किलोच्या भानगडीत न पडता एका किलोमीटरला किती रुपये लागतात तो हिशेब मांडा. त्यात गाडीची जास्तीची किंमत, हप्त्याचे व्याज आणि दुरुस्ती धरा. दिवसाचे धावणे कमी असेल तर डिझेलची जास्तीची किंमत वसूल होत नाही.

आणखी दोन चक्रे नावापुरती सांगतो. इंग्लंडच्या जेम्स ॲटकिन्सनने १८८० च्या दशकात असे इंजिन केले की हवा दाबण्यापेक्षा फुगण्याचे अंतर जास्त. गरम धूर वाया जाण्याआधी त्याच्याकडून आणखी काम काढायचे. ताकद थोडी कमी, बचत जास्त. आज बॅटरी आणि पेट्रोल दोन्हींवर चालणाऱ्या हायब्रिड गाड्यांत हीच कल्पना वापरतात. १९९७ साली जपानमध्ये टोयोटाची प्रियस आली ती याच चक्राची. दुसरे ब्रेटन चक्र. विमानाचे जेट इंजिन आणि आपल्या उरणच्या गॅस टर्बाइन वीज केंद्रातली टर्बाइन त्याच्यावर चालतात. तिथे पिस्टन नाही. हवा एकीकडून दाबली जाते, मध्ये इंधन जळते, दुसरीकडे पाती फिरतात, आणि हे अखंड चालते.

वहीत नसलेला खर्च

कागदावर साठ टक्के दिसले तरी चांगल्या स्थितीतले पेट्रोल इंजिन प्रत्यक्षात तीस-पस्तीस टक्क्यांच्या आसपास काम देते. ढोबळ मानाने शंभर रुपयांच्या पेट्रोलपैकी एक तृतीयांश चाकाकडे, एक तृतीयांश सायलेन्सरमधून, एक तृतीयांश रेडिएटर आणि घर्षणात. सिग्नलवर इंजिन चालू ठेवले तर चाकाचा वाटा शून्य. डिझेल चाळीसच्या जवळ जाते. हवेची वाट अडवणारा थ्रॉटल त्यात लागत नाही, वेग फक्त इंधनाच्या प्रमाणावर ठरतो, हाही त्याचा एक फायदा.

पण आदर्श चक्राच्या वहीत एक रकाना मुळात नाहीच. तो माणसाच्या फुप्फुसाचा. वरचे तापमान वाढवले की कार्यक्षमता वाढते, हे आपण पाहिले. त्याच तापमानाला हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन छातीला घातक वायू तयार होतात. डिझेलचा फवारा नीट मिसळला नाही की काजळी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसात कर्करोग करणारा म्हणून जाहीर केला. भारतात १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बी.एस. ६ ची कडक मर्यादा आली. पण जुनी इंजिने, जनरेटर आणि पंप अजून चालूच आहेत आणि त्यांच्या शेजारी उभे राहणारे बहुधा आपलेच लोक असतात.

म्हणून चार गोष्टी पाळा. जनरेटर किंवा पंपाचे इंजिन बंद खोलीत, तळघरात कधीही चालू करू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. गॅरेजात इंजिन चालू ठेवून काम करायचे असेल तर शटर पूर्ण उघडा आणि गाडीचे तोंड आत, सायलेन्सर बाहेर ठेवा. काळा धूर दिसू लागला की एअर फिल्टर आणि नोझल तपासा. तो धूर म्हणजे न जळलेले तुमचेच पैसे. नव्या डिझेल गाडीतील धूर गाळणारा फिल्टर 'ॲव्हरेज वाढेल' असे सांगून कुणी काढून टाकत असेल तर काढू देऊ नका.

आणि जी मुले आय.टी.आय.ला, डिप्लोमाला आहेत त्यांना सांगणे एवढेच. प्रत्येक चक्राची आकृती स्वतःच्या हाताने दहा वेळा काढा. आडव्या रेषेवर आकारमान, उभ्या रेषेवर दाब. कोणत्या पायरीत काय स्थिर राहते, ते पेन्सिलीने शेजारी लिहा. ओटोत आकारमान, डिझेलमध्ये दाब, दुहेरीत आधी एक, मग दुसरे. मग सुट्टीच्या दिवशी वडिलांबरोबर, काकांबरोबर गॅरेजात जा आणि तेच उघड्या इंजिनात पाहा. हाताला कळते ते पुस्तकात कसे लिहितात आणि पुस्तकात लिहिलेले हाताला कसे लागते, ही दोन्ही टोके ज्याला जुळवता येतात तो कोणत्याही परीक्षेत आणि कोणत्याही गॅरेजात मागे पडत नाही.